यंत्राची नाडी कोणाच्या हाती?

पांढुर्णा हे नाव गोमंतकातील वाचकांच्या कानी पडते ते बहुधा वर्षातून एकदाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव येथील लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात, त्या गोटमारीची वार्ता वृत्तपत्रांतून झळकते, जखमींचा आकडा छापला जातो, आणि पुढील पोळ्यापर्यंत त्या गावाचा सर्वांना विसर पडतो. वस्तुतः पांढुर्णा आणि शेजारचे सौंसर हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणारे तालुके आहेत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरसह विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्याकडे आले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासमवेत ही मराठी वस्तीही तिकडेच राहिली. बेळगाव-कारवारचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये या तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. परंतु जिल्ह्याच्या नकाशावर न दिसणारा आणि तेथील रोजच्या व्यवहाराला भिडणारा एक प्रश्न आहे, आणि तो जितका त्यांचा आहे तितकाच आमच्या किनारपट्टीचाही आहे. म्हणूनच आज त्याची चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा मुलूख संत्र्यांचा. बाजारात 'नागपुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या संत्र्यांत या बागांच्या मालाचाही वाटा असतो. पावसाळ्यानंतर आंबिया बहार उतरतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहार. आणि दोन्ही वेळा माल झाडावरून उतरला की त्याला वाट पाहण्याची सवड नसते. नागपूरहून येणारा रस्ता सावनेरला दुभंगतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे सातपुडा चढतो, दुसरा सौंसरवरून सिल्लेवानीचा घाट ओलांडून छिंदवाड्यास जातो. अशा वेळी संत्र्यांनी भरलेली पिकअप मुलताईच्या चढाला लागली, चालकापुढील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटला, आणि ॲक्सिलरेटर तळाशी टेकेपर्यंत दाबला तरी गाडी बैलगाडीहून थोड्याच अधिक वेगाने रांगू लागली, तर काय होते याची कल्पना वाचकांनी करावी. इंजिन मोडलेले नसते. धूर नाही, खडखड नाही. गाडीतील संगणकाने आपल्याच विचाराने इंजिनाची शक्ती आवरून धरलेली असते. मेकॅनिक मंडळी यास 'लिम्प मोड' म्हणतात. लंगडत घरी पोचण्याची ही सोय. घर म्हणजे कंपनीची अधिकृत कार्यशाळा, आणि सुसज्ज कार्यशाळा बहुधा मोठ्या शहरात. सौंसरपासून नागपूर साठ-सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्यापासून शंभराच्या आसपास. रस्त्याकडेच्या गॅरेजातील मिस्त्री बॉनेट उघडून पाहतो, आणि त्याला त्यात पाहण्यासारखे काहीच दिसत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी असे नव्हते. ॲम्बॅसडर, फियाट, मॅटडोर किंवा महिंद्राची जीप रस्त्यात अडली तर पाना, पकड, फिलर गेज आणि टेस्टलँप एवढ्या साहित्यावर कोणताही जाणता मिस्त्री तिची नाडी पाहू शके. पॉइंटची फट मोजावी, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून टायमिंग जुळवावे, प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रण जाड की पातळ ते ओळखावे, आणि डिझेलची गाडी असेल तर नोझलच्या पाइपांचे नट एकेक सैल करून कोणता सिलिंडर मेला आहे ते आवाजावरून ताडावे, अशी ती रीत होती. वैशाखात पारा पंचेचाळीसकडे सरकला की पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी बंद पडे; मग पंपावर ओले फडके गुंडाळून चालक झाडाखाली स्वस्थ बसे. हे शास्त्र कानात आणि बोटांत साठलेले होते. उस्तादाकडून पोऱ्याकडे ते जाई, आणि त्यावर कोणत्याही कंपनीची मालकी नव्हती.

ही आठवण सुखद असली तरी ती फार कवटाळून बसण्यात अर्थ नाही. त्या गाड्या धूर ओकत, इंधन उधळत, आणि त्यांच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. संगणक मोटारीत आला तो कोणाच्या हौसेखातर आला नाही, श्वास घेणे कठीण झाले म्हणून आला. लॉस एंजेलिस शहरावर उतरणारे डोळे झोंबविणारे धुके गाड्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, असे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्यावर उपाय म्हणून धुराड्याच्या वाटेवर मौल्यवान धातूंचा लेप दिलेली जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसविण्यात आली. मात्र तिन्ही विषारी वायूंचा एकाच वेळी निकाल लावायचा तर ही जाळी फार हट्टी आहे. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण अगदी थोड्या फरकाने सांभाळले तरच ती आपले काम करते. कार्बुरेटर हे जेटच्या छिद्रावर आणि हवेच्या ओढीवर चालणारे साधे यंत्र. त्याला एवढा काटेकोर हिशेब जमणे शक्य नव्हते. हिशेबासाठी संगणक हवा होता, आणि हिशेब बरोबर आला की नाही हे सांगणारा साक्षीदारही हवा होता. धुराड्यातील प्राणवायू मोजणारा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत प्रथम बसला, आणि हे वर्तुळ पूर्ण झाले.

संगणकाचे काम कसे चालते ते थोडे खोलात जाऊन पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा वाद त्यातच दडलेला आहे. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दातेरी चाक असते. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असून त्यांतले दोन दाते मुद्दाम वगळलेले असतात. चाकासमोरील सेन्सर प्रत्येक दाता मोजतो, आणि दोन दात्यांची ती पोकळी आली की पिस्टन कोठे आहे ते संगणकाला नेमके उमगते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास फेरे झाले, एका फेऱ्यास वीस मिलिसेकंद लागले, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी चाळीस मिलिसेकंदांनी आली. एवढ्या अवधीत आत किती हवा आली, ती किती तापलेली आहे, पाणी किती तापले आहे, चालकाचा पाय कोठे आहे, हे सारे विचारून, स्मृतीत साठविलेल्या कोष्टकातून उत्तर काढून, इंजेक्टर अमुक मिलिसेकंद उघडा ठेवावयाचा आणि ठिणगी अमुक अंशावर पाडावयाची, हा निर्णय संगणक घेतो. मग धुराड्यातील सेन्सर मिश्रण जाड झाले की पातळ हे विजेच्या दाबाच्या रूपाने कळवितो. पातळ असेल तर दशांश व्होल्टच्या आसपास, जाड असेल तर एक व्होल्टच्या जरा खाली. त्यानुसार पुढील मात्रा कमी-अधिक होते. पांढुर्ण्याहून मुलताईला चढताना हवा विरळ होते, उन्हाळ्यात आणखी विरळ होते; पूर्वी तेथे इंजिन गुदमरत असे, आता संगणक मात्रा उतरवून ते सांभाळून घेतो. इंजिनाच्या अंगावर बसविलेला एक स्फटिक ठोक्याचा आवाज ऐकतो आणि तो ऐकू येताच ठिणगी थोडी मागे घेतो. म्हणजे उस्तादाचा कानही या पेटीत जाऊन बसला आहे.

आता निदानाची बाजू. हा संगणक स्वभावाने संशयी आहे. आपल्याला मिळणारी वार्ता खरी आहे काय, हे तो सतत पडताळून पाहतो. पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरची तार तुटली तर त्याचे उत्तर शून्याखाली चाळीस अंश असे येते. सौंसरच्या उन्हात हे संभवत नाही, एवढे त्याला कळते. मग तो ती वार्ता बाजूला सारतो, ठरावीक आकडा धरून काम पुढे रेटतो, पंखा चालू ठेवतो, दिवा लावतो आणि दोषाची नोंद करतो. एखाद्या सिलिंडरात ज्वलन झाले नाही तर दातेरी चाकाचा वेग निमिषमात्र मंदावतो, तेवढ्यावरून कोणता सिलिंडर चुकला ते तो ओळखतो. नोंद करतेवेळी वेग, तापमान, भार यांचे आकडेही तो टिपून ठेवतो. येथे चालकांना एक व्यावहारिक सूचना करणे अस्थानी ठरू नये. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश नेऊन दाखविता येते. पेट्रोलच्या गाडीत तो लुकलुकत असेल तर न जळलेले इंधन धुराड्यातील जाळी जाळून टाकीत आहे असे समजावे आणि गाडी थांबवावी.

ही नोंद वाचता यावी म्हणून स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. तेथे स्कॅनर जोडला की 'पी०३०१' अशा थाटाचा संकेत उमटतो. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग, ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे. हे सॉकेट सर्व गाड्यांत सारखे का, याचे उत्तर कंपन्यांच्या औदार्यात शोधू नये. कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदविले पाहिजेत असा दंडक घातला, आणि १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत सॉकेट, भाषा व मूलभूत संकेत एकच करण्यात आले, कारण सरकारी तपासनिसाला ते वाचता यावयास हवे होते. युरोपने २००१ साली पेट्रोलच्या गाड्यांना तोच नियम लावला. आपल्याकडे हा प्रवास न्यायालयाच्या दारातून झाला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी युरोपीय धर्तीचे निकष लागू केले, आणि लवकरच मारुती ८०० च्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरे झळकू लागली. त्या अक्षरांचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक होता, पण ती पाठीवर असणे प्रतिष्ठेचे होते. भारत स्टेज चारचे निकष लागू असलेल्या शहरांत २०१० पासून स्वनिदानाची पहिली आणि २०१३ पासून दुसरी पायरी आली. एप्रिल २०१७ मध्ये ते निकष देशभर झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा. पांढुर्ण्याच्या गॅरेजवाल्याच्या दृष्टीने पाहिले तर कार्बुरेटरपासून येथवरचे अंतर त्याला पुरते एका पिढीचेही मिळाले नाही.

सॉकेट आहे, स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेरही मिळतो, मग अडते कोठे? दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण ज्ञानाची आहे. संकेत हे लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. ताप आहे एवढेच जसे थर्मामीटर सांगतो, तसे. 'पी०१७१' हा संकेत घ्या. मिश्रण पातळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे कारण हवेच्या नळीला गेलेला तडा असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ असेल, दमलेला पेट्रोल पंप असेल किंवा धुराड्याच्या जोडातून आत शिरणारी हवा असेल. अर्धवट शिकलेला कारागीर पडद्यावर मिश्रणाचे नाव पाहून ऑक्सिजन सेन्सरच बदलतो, गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये जातात, आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी नोंद पुसून टाकणे यालाच दुरुस्ती म्हणण्याचा परिपाठ पडत आहे. उलट जाणता कारागीर दहा पैशांच्या बुद्धीने लाखाचे काम करतो. संगणकांचे परस्परांशी बोलणे पिळलेल्या दोन तारांवरून चालते, आणि त्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो. बॅटरी तोडून सॉकेटच्या सहाव्या व चौदाव्या पिनेत साधा मीटर लावला तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम दिसावयास हवेत. १२० दिसले तर कोठेतरी तार तुटली आहे. त्यासाठी लाखाचे यंत्र लागत नाही. ही गोष्ट कोणीतरी त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलेली असावी लागते, एवढेच.

आणि हे न सांगण्याची किंमत केवळ पैशांतली नाही. नोझलच्या पाइपाचा नट सैल करून सिलिंडर ओळखण्याच्या ज्या जुन्या युक्तीचा उल्लेख वर आला, ती आजच्या कॉमन रेल डिझेलवर चालविणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्या नळीत डिझेलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पटींपर्यंत असतो. सैल नटातून सुटलेली केसाएवढी धार कातडीतून आरपार शिरते. वरून टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत हात सडू लागतो. बापाने शिकविलेली विद्या मुलाचा हात घेऊ शकते, असा हा काळ आहे.

दुसरी अडचण मालकीची आहे, आणि ती त्या संकेतातच लिहिलेली आहे. अक्षरानंतरचा पहिला अंक पाहावा. तो शून्य असेल तर संकेत सर्वांसाठी समान, कायद्याने उघडा केलेला. एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. साध्या स्कॅनरला शून्यवाले कळतात. एकवाल्यांचा अर्थ कंपनीच्या पुस्तकात असतो, आणि पुस्तक कंपनीच्या कपाटात. नवा इंजेक्टर बसविला तर त्याच्या अंगावर छापलेला क्रमांक संगणकात भरावा लागतो, डिझेलची काजळी साठविणारी जाळी तुंबली तर ती जाळून मोकळी करण्याची आज्ञा बाहेरून द्यावी लागते, मोठ्या ट्रकांत युरियाचा सेन्सर बदलला तर ते संगणकाला कळवावे लागते. अन्यथा भाग नवा असूनही गाडी लंगडतच राहते. ही कामे करू शकणारे यंत्र सर्वांना सहज मिळत नाही. ज्या दोषाचा धुराशी संबंध आहे तेवढा कायद्याने उघडा झाला. बाकीच्यावर पडदा राहिला.

हा आमचा कल्पनाविलास नव्हे. एका मोटारमालकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने या व्यवहाराची चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना न देऊन या कंपन्यांनी ग्राहकाला आपल्याच दाराशी बांधून ठेवले, हा आयोगाचा निष्कर्ष होता. ती साधने खुली करावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द होईल अशी अट घालू नये, असेही त्याने बजावले. पुढे काय झाले? कंपन्या अपिलात गेल्या, अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये दोष मान्य करूनही दंडाचा आधार आकुंचित केला, आणि प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्यांवर रेंगाळत राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे आणि मोटारी ही तिच्या विषयांतली दोन क्षेत्रे होती. त्या वर्षअखेर या विषयाचे एक सरकारी संकेतस्थळही सुरू झाले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच मतदारांच्या कौलाने असा कायदा केला, आणि तेथील कंपन्यांनी दोन वर्षांत त्याच अटी देशभर पाळण्याचे मान्य केले. तेथे जे कंपन्यांना परवडते ते येथे का परवडू नये, हा प्रश्न विचारावयास कोणाची भीड असू नये.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. याच सॉकेटातून नवी चावी 'शिकवून' गाड्या पळविल्या जातात, हे खरे आहे. ब्रेक आणि एअरबॅग यांच्या संगणकात अननुभवी हात घालणे धोक्याचे, हेही खरे. शिवाय धुराड्यातील जाळी काढून, काजळीची गाळणी पोकळ करून आणि संगणकाला खोटा आकडा पाजून 'पिकअप वाढवून' देणारे महाभाग आपल्या बाजारात आहेतच. आपली पीयूसी तपासणी धुराड्याच्या तोंडाशी नळी धरण्यावर भर देते, सॉकेट वाचण्यावर देत नाही, त्यामुळे त्यांचे फावते. यावर उपाय म्हणजे ओळख पटवून नोंदणी केलेल्या कारागिरांनाच चाव्यांचे संकेत देणे. अमेरिकेत ती व्यवस्था चालू आहे. साऱ्या इंजिनाचे ज्ञानच कुलुपात ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही.

आणि कुलूप लावणाराच प्रामाणिक असतो, हा समज तर फोक्सवागेनने कायमचा पुसून टाकला आहे. या कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणकाला आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता येत असे. परीक्षेपुरता तो सज्जन होई, रस्त्यावर आला की विषारी वायू मुक्तपणे सोडी. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्रे गाडीतच ठेवून रस्त्यावर मोजमाप केले, तेव्हा तफावत उघडी पडली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीला कबुली द्यावी लागली. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने तपासणी केली असता रस्त्यावरील प्रदूषण ठरीव मर्यादेहून अधिक आढळले. सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावून त्यांतील संगणकाची आज्ञावली सुधारण्याचे कंपनीने जाहीर केले, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड केला. कंपनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. दंडाचे काय होते ते होवो. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, त्या गाड्यांचे सॉकेट उघडे होते, दिवाही होता, आणि तो पेटला नाही. ज्याने नोंद ठेवावयाची त्यानेच नोंद खोटी ठेवावयाचे ठरविले तर बाहेरच्या जाणत्या नजरेखेरीज दुसरा तरणोपाय नसतो. गावोगावच्या कारागिरांची नजर आंधळी ठेवण्यात म्हणूनच केवळ त्यांचे नुकसान नाही.

आता भाषेविषयी, कारण पांढुर्णा-सौंसरचा प्रश्न तेथे अधिक टोकदार होतो. तेथील मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत बहुधा हिंदी शिकतो, आणि स्कॅनर त्याच्याशी इंग्रजीत बोलतो. 'सर्किट रेंज परफॉर्मन्स' ही शब्दांची माळ वाचून सेन्सर मेला आहे, की जिवंत असून अविश्वसनीय बोलतो आहे, हे त्याला कसे उमजावे? हा फरक न कळल्यानेच चांगले भाग कचऱ्यात जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' आणि 'मेकॅनिक डिझेल' हे अभ्यासक्रम आहेत, त्यांत सेन्सर व स्कॅनर यांचा समावेशही झालेला आहे. पण जो मिस्त्री चाळिशीत आहे, ज्याच्या हाताखाली दोन पोरे आहेत आणि ज्याचे गॅरेज बंद राहिले तर चूल थंड राहते, तो दोन वर्षे वर्गात जाऊन बसणार नाही. त्याच्यासाठी संध्याकाळचे, महिना-दोन महिन्यांचे, त्याच्या बोलीतले वर्ग हवेत. संत्र्यांचे दोन बहार आणि त्यांमधला रिकामा काळ तेथील प्रत्येकाला पाठ आहे; वर्गांचे वेळापत्रक त्यावर बेतणे अवघड नाही. नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाला करून दाखविण्याजोगे हे काम आहे. मराठीतील पुस्तिकेसाठी महाराष्ट्राने, आणि पुण्याच्या तंत्रज्ञांनी, सीमेपलीकडे हात पुढे करावयास काय हरकत आहे?

आमच्या किनाऱ्यावर पैसा अधिक आणि अंतरे कमी म्हणून आपण सुटलो, असे कोणी समजू नये. म्हापसा-फोंड्याच्या गॅरेजांतही हीच कुजबुज ऐकू येते. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने तारांच्या जोडांवर हिरवी बुरशी चढते, सेन्सर निर्दोष असून त्याचे बोलणे संगणकापर्यंत पोचत नाही, आणि जोड साफ केल्याने भागले असते तेथे सबंध वायरिंग बदलण्याचा अंदाज हाती पडतो. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या डिझेल गाड्यांची काजळीची गाळणी पुरेशी तापत नाही, म्हणून ती तुंबते. विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधी सांगावयास हवे, ते बहुधा सांगितले जात नाही. पणजीहून बेळगावला मासळी नेणारा टेंपो चोर्ल्याच्या चढावर लंगडला तर बर्फ वितळावयास तेवढाच वेळ लागतो, जेवढा सातपुड्यात संत्री तापावयास.

मोटार खरेदी करताना रंग, आसने आणि सवलती यांची घासाघीस करणाऱ्या आमच्या वाचकांनी यापुढे आणखी एक प्रश्न विक्रेत्यास विचारावा, आणि त्याचे उत्तर लेखी मागावे. या गाडीचे 'एक'वाले संकेत कंपनीबाहेरचा कारागीर वाचू शकेल काय. आणि इंजेक्टर बाहेर बदलला, तर त्याचा क्रमांक संगणकात भरून देण्यास तुमची कार्यशाळा नकार देणार नाही ना?